सदर महिला

सोम. ६ जाने.
आईचं पहिलं मासिक श्राद्ध. रजा टाकली. विधी दादाने पुण्यात केले. फोनवर म्हणाला, तू पान वाढ आणि कुणा गरजूला नेऊन दे. वडे, खीर, वरणभात, दोन भाज्या. सकाळी सहापासून एकटीने केलं. अकराला ताट झाकून खाली नेलं. गेटसमोर सिटी बसचा थांबा आहे, त्याच्या शेडमध्ये एक बाई राहते. दुसरं कुणी डोळ्यांसमोर आलंच नाही.

तिने घेतलं नाही. झाकण उचलून वडे बघितले, खीर बघितली, परत झाकलं.
"मासिकाचं हाय न्हवं?"
हो म्हटलं. आत्ताच केलंय, गरम आहे.
"असंल की. पर कोण मेलं की मगच ताट येतंय हिकडं. मी काय कावळा हाय?"
थांब्यावरचे दोघं हसले. मी ताट धरून उभी. मग तिनेच विचारलं, कोण गेलं. आई, म्हटलं, दुसऱ्या मजल्यावरच्या.
"काठीवाल्या?"
हो.
ती बाकड्यावर बसली. मग म्हणाली, "मला कोण सांगितलं न्हाय."
ताट परत वर आणलं. दुपारभर टेबलावर तसंच. जेवण गेलं नाही.

मंगळ. ७
पन्हाळ्याला ऑफिसला जाताना एस.टी.त तेच डोक्यात. आई गेल्याचं मी कुणाकुणाला कळवलं? मावश्यांना, बँकेला, पेपरवाल्याला, दूधवाल्याला. गॅस एजन्सीलासुद्धा. आईला दवाखान्यातूनच परस्पर नेलं, गेटपाशी काही दिसलंही नसणार. हिला कळवायचं असतं हे मनातही आलं नव्हतं.
आई रोज पाचला काठी घेऊन खाली जायची. "थांब्यावर बसते जरा." मला वाटायचं एकटी बसते.
ऑ. मध्ये एकच नोंद दोनदा केली. साहेबांनीच एक खोडली.

मंगळ., संध्याकाळ
लिहून ठेवते, नाहीतर टाळत राहीन.
नोव्हेंबरात सोसायटीचे सेक्रेटरी आले होते. शेडमधल्या बाईबद्दल वॉर्ड ऑफिसला पत्र द्यायचंय, तुम्ही सरकारी ऑफिसात, तुमचा मसुदा चांगला असतो. जेवायच्या टेबलावर बसून लिहिलं. आई समोर पावटे सोलत होती. काय लिहितेस म्हणाली. ऑफिसचं, म्हटलं.
"सदर महिला गेले वर्षभर शेडमध्ये अनधिकृत वास्तव्य करून असून, तीन विटांच्या चुलीवर स्वयंपाक करते. त्यामुळे परिसरातील रहिवाशांना उपद्रव होत आहे." पाठ आहे. पहिली सही माझी.
आमच्या ब्लॉकपर्यंत कधी धूर आला नाही. आमची खिडकी त्या बाजूला नाहीच.

बुध. ८
ऑ. मधून आले तर वॉचमन हसत पुढे आला. ती थांब्यावरची बाई वर सोड म्हणत होती, हाकलली मी.
कशाला यायचं होतं, विचारलं.
"म्हनती, मयताच्या घरी जायचंय. शेजारी हाय म्हनती!"
हातात पेपरात गुंडाळलेलं काहीतरी होतं म्हणे. ठेव इथं म्हटलं तर ठेवलं नाही. हातातच द्यायचं म्हणाली.
शेडमध्ये जाऊन आले. ती नव्हती. गाठोडं खिळ्याला टांगलेलं, विटा गार.
मग कळलं काय आणलं असेल. आई गेली त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही म्हणून शेजारून डबे आले होते. कुणाचं पिठलं-भाकरी, कुणाचा कढीभात. कडू घास म्हणतात त्याला.
तीनदा उठून बाल्कनीत गेले. तिथून थांबा दिसत नाही, हे माहीत असून.

गुरु. ९
सेक्रे. कडे गेले. माझी सही काढून घ्यायची आहे, पत्रही. त्यांनी बसवलं, चहा मागवला. वाईट माणूस नाही. दिवाळीत बाईला साडी दिली होती त्यांनी. मुलगी कॉलेजला जाते, तिला त्या शेडमध्ये उभं राहायला नको वाटतं, एवढंच त्यांचं म्हणणं.
"ताई, पत्र गेलं की कवाच. उद्या माणसं येत्यात बाकडं काढायला. तिलाबी हलवतील, निवारा केंद्रात नेतील."
म्हटलं, तिचा तसा त्रास काही नाही आपल्याला.
"तुम्हीच लिवलंय की, उपद्रव. मला त्यो शब्द सुचला बी नसता."
दुसरं पत्र देते म्हटलं. द्या की, म्हणाले, पण त्यावर सही कुणाची घेणार?
चहा अर्धा ठेवून आले.

शुक्र. १०
परत रजा. सकाळी दुसरं पत्र लिहायला बसले. "सदर महिला" लिहिलं आणि खोडलं. नाव घालावं म्हटलं तर नाव माहीत नाही. कागद तसाच घेऊन खाली गेले.
"हौसाबाई," म्हणाली. आडनाव विचारलं तर हसली. "कशाला? रेशनकार्ड काढतायसा?" शाहूवाडीकडची, एवढंच कळलं.
मग पिशवीतून पुडकं काढून माझ्या हातात दिलं. "परवा आलतो मी. वॉचमननं सोडलं न्हाय. ही आज केलीया, ताजी हाय. शेजाऱ्यानं द्यायचं असतंय, माझं राहिलं."
म्हटलं, महिना झाला आता.
"तुमास्नी. मला सोमवारी कळलं. कळल्यापासनं धरायचं असतंय."
पुडकं कोमट होतं.
म्हटलं, आज माणसं येणार आहेत तुम्हाला हलवायला.
"येत्यात मधनंमधनं."
म्हटलं, ते पत्र मी लिहिलंय.
तिने चुलीतली राख काडीने सारखी केली. वर बघितलं नाही.
"आईस्नी म्हाईत हुतं?"
नाही.
"बरं झालं," म्हणाली.
पुडकं परत मागितलं नाही. मी दोन्ही हातांत धरून तशीच...

दुपारी वॉर्ड ऑफिसला पत्र दिलं. नावासकट. श्रीमती हौसाबाई या आमच्या शेजारी असून. एकच सही. क्लार्कने पोचवर शिक्का मारला, म्हणाला, पहिल्यावर चौदा सह्या आहेत मॅडम, त्यातही तुमची आहे. दोन्ही साहेबांपुढे ठेवतो.
माणसं आज येणार का, विचारलं. गाडी मिळाली तर आज, नाहीतर सोमवारी.

साडेपाचला परत आले. बाकडं जागेवर. हौसाबाई शेडच्या दुसऱ्या टोकाला, पाठ करून. हाक मारावी वाटलं, मारली नाही.

वर आले. चहा टाकणार होते, लायटर हातात घेतला आणि ठेवून दिला. आज गॅस पेटवला नाही. आईच्या खुर्चीत बसून पुडकं सोडलं. तांदळाची भाकरी, खर्डा, अर्धा कांदा. भाकरीला धुराचा वास. मोडून खाल्ली.