दहा मिनिटांचा पाय

५ जानेवारी २००३
अपघातात जायबंदी झालेल्या बंधूंनो! तुमचं मोडलेलं हाड ज्यांनी पाहिलंही नाही, ते तुमची भरपाई 'अवाजवी' ठरवायला निघालेत!
विजयसभेच्या भाषणाची सुरुवात आजच लिहून ठेवली. टेम्पोने माझा गुडघा फोडला. दहा मिनिटांच्या वर उभं राहता येत नाही, हे मान्य करून पुण्याच्या कोर्टाने अडीच लाख दिले. विमा कंपनी हायकोर्टात गेलीय. जाऊ दे! ऑपरेशन त्याच पैशांत होणार.
संकल्प: निकालापर्यंत भाषण बंद. वकील म्हणाले, "बोलायचंच तर खुर्चीत बसून बोला, धर्माजीराव." बसून बोलतो तो वक्ता नव्हे, कारकून.

१९ जानेवारी
ओतूरला साळुबाईंची दशक्रिया. श्रद्धांजलीला सोळा वक्ते. मी गप्प. पण सोळावा म्हणाला, "मृत्यू कुणाला चुकला नाही." असल्या शिळ्या वाक्यावर साळुबाईंना निरोप? उठलो. दोनच शब्द बोललो.

संध्याकाळी
बायको कुशाबाई म्हणते, पाऊण तास. तिचं घड्याळ पुढे आहे. गुडघा टम्म सुजलाय. थंडी फार.

२ फेब्रुवारी
दशक्रियेचं शूटिंग करणारा बहिरू भेटला. "भाऊ, पुण्याचं एक पावणं तुमच्या भाषणाची कॅसेट घेऊन गेलं. लई खूश व्हतं." कीर्ती पुण्यापर्यंत पोचली!

१४ जुलै
तीच कॅसेट विमा कंपनीने हायकोर्टात लावली. सलग सत्तेचाळीस मिनिटं उभा राहणाऱ्याला एवढी भरपाई अवाजवी! अडीच लाखांचे साठ हजार. त्या भाषणानंतरचे दोन दिवस मी अंथरुणात कण्हत होतो, त्याचं शूटिंग कुठंय?
कुशाबाई म्हणाली, "कण्हताना बी तुमी भाषणच करत व्हता."
रविवारी ओतूरला निषेध सभा. उभ्याने!

२० जुलै
"जायबंदी बंधूंनो" दणक्यात झालं. नवव्या मिनिटाला गुडघा दुमडला. स्टेजवर आडवा. कडाडून टाळ्या! गर्दीतून जानकू ओरडला, "लई भारी, राव! हे कोर्टात करायचं व्हतं!" उचलायला कुणी येईना. बहिरूचं शूटिंग चालूच. शेवटी कुशाबाई वर चढली. तिला बघून तर शिट्ट्याच.

२१ जुलै
पाय हलत नाही. ऑपरेशन लांबणीवर. लढा नाही!
गुरुवारी लोणीला दशक्रिया. बोलणारच. कोणत्याही कोर्टाला न भिता, ताठ मानेने.
कुशे, माळ्यावरची घडीची खुर्ची काढ.