वर्गातले गोपाळकृष्णजी

२ एप्रिल, बुधवार

फोन गेला! चादर उचलायला वाकलो आणि वरच्या खिशातून थेट रंगाच्या हौदात. लाल रंग. बाहेर काढला तर सौरभ ओरडला, "क्या भिया, मोबाइल की भी छपाई कर दी?" अख्खा कारखाना हसला. मीही हसलो. मग मागच्या बाजूला जाऊन उभा राहिलो थोडा वेळ. फोन म्हणजे तेजस्विनी, माझी बायको, तिकडं गावी. दुसरं आहे काय त्यात माझं!

नानाखेड्याला घरी येऊन माईंना सांगितलं. माई घरमालकीण, खाली राहतात, मी वरच्या खोलीत. म्हणाल्या, "मग रडून काय राहिला? ह्यांचा पडला आहे नं अलमारीत. घेऊन जा. चालून तर राहिला होता चांगला." ह्यांचा म्हणजे गोपाळकृष्ण काकांचा. रेल्वेत होते. मागच्या दिवाळीत गेले.

सिम माझं घातलं. बाकी आत सगळं काकांचंच.

४ एप्रिल, शुक्रवार

सातला फोन केला. तिनं कापला. परत केला. कापला. मग मेसेज — अहो क्लास आहे, नंतर.

विद्यापीठाचा ऑनलाइन बी.ए. पहिलं वर्ष. लग्न जमताना तिची एकच अट होती, शिकू द्या. मी म्हटलं, शिक की! फोनवर तर शिकायचं, घरबसल्या. कोण कुठं जातंय? मी स्वतः आठवीतून पळालेलो. मास्तरांनी काढलं नाही, पळालोच. सुरत केलं, पिथमपूर केलं, आता इथं उज्जैनला, भैरवगढच्या छपाई कारखान्यात चादरी. आई म्हणते, ह्याचं बूड एका जागी टेकत नाही. तेजस्विनी तिकडं रावेरला माझ्या आईपाशी. लग्नाला दुसरं वर्ष लागलं, एकत्र राहिलो ते फक्त सणासुदीला.

थोड्या वेळानं परत तिचा मेसेज. क्लासची लिंक. "माझ्याकडे सारखं तुटतंय. तुमच्याकडे उघडतं का बघा जरा."

उघडलं! चौकोन चौकोन, त्यात नावं. तोंडं कुणाची दिसत नाहीत. एक मॅडम बोलत होत्या. मी तिला लिहिलं — उघडतं, रेंज तुझ्याकडची खराब आहे.

निघायला पाहिजे होतं. नाही निघालो. पाचेक मिनिटांनी तिचं नाव आलं, माहेरच्या आडनावासकट. आणि आवाज — "मॅडम, एक विचारू का?"

असा आवाज माझ्याशी बोलताना कधी लागला नाही तिचा. मोकळा. वर चढणारा. मी खाटेवर सरळ उठून बसलो.

८ एप्रिल, मंगळवार

लिंक तीच चालते. मंगळवार आणि शुक्रवार, सातला. परत गेलो.

आज रजनी मॅडम नावं वाचत होत्या. "गोपाळकृष्णजी... तुमचं नाव यादीत दिसत नाही. आवाज येतोय का माझा?"

मी कोण गोपाळकृष्ण म्हणून शोधतोय — आणि मग कळलं, मीच! फोनमध्ये काकांचं नाव भरलेलं, तेच तिथं दिसतंय. माईक बंदच ठेवला.

मॅडम म्हणाल्या, "असू द्या. ऐकायला कुणाला मनाई नाही. बसा तुम्ही."

बसलो.

११ एप्रिल, शुक्रवार

आज ती बोललीच नाही. फुकट गेला शुक्रवार.

१५ एप्रिल, मंगळवार

क्लास संपल्यावर फोन आला. हळू बोलत होती, आई शेजारीच असते. "अहो, आमच्या वर्गात एक आजोबा आलेत! गोपाळकृष्ण नावाचे. बोलत नाहीत काही, पण दर क्लासला येतात. ह्या वयात! मॅडम पण मानतात त्यांना."

"असं का?" म्हटलं.

"मग काय! रिटायर माणूस असेल. शिकायचं राहून गेलं असेल बिचाऱ्याचं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. हसली असती. मीही हसलो असतो. पण मग पुन्हा ती त्या आवाजात बोलली असती का? मी ऐकतोय हे माहीत असताना?

२५ एप्रिल, शुक्रवार

वर्गात एकट्याला लिहायची सोय आहे. बाकीच्यांना दिसत नाही. आज तिथं तेजस्विनीचं चमकलं — "आजोबा नमस्कार. तुम्ही बोलत का नाही?"

मला टाइप करायला किती वेळ लागतो! शेवटी लिहिलं — घसा बसला आहे.

"तीन आठवडे?"

जुना आजार आहे, असं लिहिलं.

"काळजी घ्या. हळद-दूध घ्या."

मी उठून माईंकडे गेलो आणि हळद-दूध मागितलं. माई बघतच राहिल्या. "घशाला काय झालं तुझ्या? चांगला तर बोलून राहिला आहे."

६ मे, मंगळवार

कुकर घेतला टावर चौकातून. पडदा घेतला, निळा. खोली बरी दिसायला लागली. जूनमध्ये तिची परीक्षा झाली की मग ती इथं. हे लग्नापासून ठरलेलंच आहे — पहिलं वर्ष झालं की उज्जैन, पुढचं इथून फोनवर शिकेल. सौरभ रोज टोचतो, "भाभी आ रही है कि नहीं? कि फोन में ही गृहस्थी चलाएगा?" येणार आहे म्हटलं. "अबे तू तो साल भर से यही बोल रहा है."

आज मॅडमनी क्रेडिट समजावलं. मला वाटलं उधारी. तसं नाही. जे शिकलो ते आपल्या नावावर जमा राहतं, दुसरीकडे गेलं तरी बुडत नाही. म्हणजे आठवीपर्यंतचं माझंही कुठंतरी जमा असेल का? विचारावंसं वाटलं. पण घसा!

१३ मे, मंगळवार

आज मॅडम म्हणाल्या, ज्यांना जमेल त्यांनी दुसऱ्या वर्षाला रेग्युलर कॉलेजला जा. क्रेडिट तिकडं धरतात. "ऑनलाइन वाईट नाही, पण लायब्ररीत बसणं, चार मुलींबरोबर भांडणं, हे फोनवर होत नाही."

तेजस्विनीनं किती प्रश्न विचारले! जळगावला मिळेल का? हॉस्टेल आहे का? लग्न झालेल्या मुलींना घेतात का? मॅडम हसल्या — "घेतात गं. पण आधी घरी बोलून घे."

"हो मॅडम," म्हणाली.

मी फोन घेऊन बसलो. आता सांगेल. साडेआठला आला. जेवलात का, काय जेवलात, ऊन किती आहे, रंगानं हाताची कातडी निघते ते थांबलं का. मी प्रत्येकाला उत्तर देत होतो आणि वाट बघत होतो.

"बरं, ठेवू?" म्हणाली.

ठेवला.

१६ मे, शुक्रवार

नाही सांगितलं.

१८ मे, रविवार

आजही नाही. मुद्दाम विषय काढला, पडदा निळा घेतलाय म्हणून. "छान," म्हणाली. नुसतं छान. रंग कुठला निळा तेसुद्धा नाही विचारलं.

कारखान्यात एक चादर उलटी घडी घातली. सेठ तीन माणसांसमोर बोलला. मला ऐकूच आलं नाही नीट.

२० मे, मंगळवार

मॅडम शिकवत होत्या, कुटुंबसंस्था. मध्येच मला तिचा निरोप. तुकड्यातुकड्यानं येत होता.

"आजोबा, एक विचारू? मोठे आहात म्हणून."

"मला जळगावला शिकायचं आहे. हॉस्टेलला राहून."

"माझे मिस्टर उज्जैनला असतात. माणूस चांगला आहे. माझी वाट बघतात. त्यांना सांगायचं धाडस होत नाही. नाही म्हणतील ह्याची भीती नाही वाटत. हो म्हणतील आणि आतून मोडतील, ह्याची वाटते."

"काय करू?"

मी बघत बसलो. तिकडं मॅडम, विभक्त कुटुंब, एकत्र कुटुंब. क्लास संपला. सगळे चौकोन एकेक करून गेले. तिचा चौकोन शेवटपर्यंत होता. मग तोही गेला.

काही लिहिलं नाही. फोनवर मला म्हणाली, "आज लवकर झोपते."

२२ मे, गुरुवार

माणूस चांगला आहे. असं लिहिलं तिनं. माझ्या तोंडावर कधी म्हणाली नाही.

जेवायला खाली गेलो. पानावर बसून राहिलो तर माई म्हणाल्या, "भाजीत मीठ जास्त झालं का?" नाही म्हटलं. "मग चेहरा का असा करून राहिला? बायको येऊन राहिली की नाही, ते सांग. नाही तर खोली मी कोचिंगच्या मुलींना देते."

"येणार आहे."

"तुला बायको पाहिजे की शाम को चाय पाजणारं कोणी पाहिजे? चाय तर मी पण पाजून देते."

मला राग आला. उठलो. हात धुताना वाटलं, ह्या बाईला काय ठाऊक! मग वाटलं, ती तर रोज एकटी जेवते, मी वर असलो तर मला हाक मारते. तिलाच ठाऊक.

२३ मे, शुक्रवार

उत्तर दिलं. दुपारी सुट्टीत कागदावर लिहून ठेवलं होतं, म्हणजे क्लासमध्ये भराभर उतरवता येईल. असं लिहिलं:

बेटी, शिक्षण कुठूनही होतं. नवरा-बायकोनं वेगळं राहू नये. तो एकटा आहे. परक्या भाषेत दिवसभर राहायचं सोपं नसतं. नानाखेड्याची खोली चांगली आहे, हवेशीर, नळाला दोन्ही वेळ पाणी येतं. बसस्टँड जवळ. खाली मराठी बाई आहे, तुला करमेल. तू तिकडं जा. हा म्हाताऱ्याचा सल्ला समज.

पाठवलं. पहिल्यांदा सुरतेची गाडी पकडली होती तसं वाटलं.

मग —

"सगळे हेच सांगतात आजोबा. तुम्ही तरी वेगळं सांगाल असं वाटलं होतं."

आणि क्लास अर्धा असतानाच तिचं नाव गेलं.

जिंकलो ना? मग जेवण का गेलं नाही.

२४ मे, शनिवार

आत्ता वरचं परत वाचलं. एकदा. दोनदा.

नानाखेडा!

तिनं आजोबांना उज्जैन सांगितलं होतं. नुसतं उज्जैन. नानाखेडा नाही, खोली नाही, नळ नाही, माई नाही. आजोबांना कसं ठाऊक?

अरे देवा.

२५ मे, रविवार

फोन केला. जीव मुठीत. पण नेहमीसारखीच बोलली. आईचे गुडघे, केळीचा भाव, शेजारच्या सुलूचं बाळ. मला वाटलं, नसेल लक्षात आलं. एवढं कोण बारीक वाचतं!

मग ठेवताना म्हणाली, "अहो, तुमच्या नळाला दोन्ही वेळ पाणी येतं का हो?"

"येतं," म्हटलं.

"बरं."

एवढंच. बरं!

२७ मे, मंगळवार

क्लासला गेलो. ती होती. काही विचारलं नाही. मला काही लिहिलं नाही. रजनी मॅडमनी तिला हाक मारली तर "हो मॅडम, ऐकतेय."

मला सांगत होती की मॅडमना?

२९ मे, गुरुवार

ठरवलं. तिला म्हणायचं, जा जळगावला. माझ्या तोंडानं म्हणायचं, काकांच्या नावानं नाही. तीनदा नंबर काढला. सौरभनं विचारलं, "किसका फोन है, जो इतना पसीना आ रहा है?"

खरं लिहू? जा म्हणायचं नव्हतंच मला. आजही नाही. ती जळगावला गेली की मुली भेटतील, मास्तर भेटतील, पुस्तकं. तो आवाज सगळ्यांना ऐकू येईल. मग फोनवर केळीचा भाव तरी सांगेल का मला? मी हा असा. इथं दोन वर्षं झाली, पण मी बोललो नाही तर अख्ख्या उज्जैनमध्ये एका माणसाचं काही अडत नाही. सौरभ दुसऱ्या कुणावर हसेल.

तरी शेवटी लावला. आई बोलली. "ती बाहेर गेलीये." कुठं? "येईल. तू जेवलास का?" आईनं असं कधी टाळलं नव्हतं.

३० मे, शुक्रवार

वीज नव्हती, सगळ्या कॉलनीत. फोन बंद पडला. क्लास चुकला. माई आणि मी पायरीवर बसलो, त्या पुठ्ठ्यानं वारा घेत होत्या. विचारलं, काका तुम्हाला विचारून करायचे का सगळं? "छे! बदलीची ऑर्डर आली की सांगायचे, सामान बांध." मग? "मग काय, बांधायची. रागावून बांधायची."

एवढं बोलून दुधाचं पातेलं बघायला आत गेल्या.

३ जून, मंगळवार

मॅडमनी विचारलं, "तेजस्विनी, ऍडमिशनचं काय केलंस?"

"घेतली मॅडम, निकालाच्या अटीवर. जळगावला. सासूबाई आल्या होत्या सोबत."

आई!

"अरे वा! आणि मिस्टरांना सांगितलंस का?"

मग त्याच आवाजात, मोकळ्या — "आत्ता सांगतेय, मॅडम."

मॅडमना काही कळलं नाही. मी माईक उघडला. म्हटलं, "ऐकलं."