सेवेरोचं पाणी

कोल्यापाम्पा
मंगळवार, ऑक्टोबरची अठ्ठावीस

प्रिय सेवेरो,

हे पत्र तुझ्या हातात देणारी तुझ्यासमोर धडधाकट उभी असेल, तेव्हा नेलिदा सुखरूप आहे हे मी वेगळं सांगायला नको. पण तिच्यावर ओरडण्याआधी पत्र पुरं वाच. तुझ्या पोरीने तुला उयुनीहून फोन केला, ट्रकमधली संत्री उतरवली म्हणाली, आणि पुढे पाच दिवस तिचा पत्ता नव्हता. तुझा जीव टांगणीला लागला असणार. ती इथे होती, माझ्या घरी. तू तिला सगळं दाखवलंस, पण तुझं गाव कधी दाखवलं नाहीस, म्हणून ती आपली आपण बघायला आली. हट्टी आहे. कुणावर गेली ते मी सांगत नाही.

माझं अक्षर तू कधी पाहिलेलं नाहीस. मी बासिलिया, ट्रकवाल्या कासियानोची मुलगी. आता त्रेपन्न वर्षांची, दोन मुलांची आई, तीन नातवंडांची आजी. बाबा अकरा वर्षांपूर्वी गेले. रस्त्याच्या कडेला माझी खानावळ आहे. किन्व्याचं सूप आणि लामाचं मटण, दुसरं काही मागायचं नाही. नवरा लिओन्सिओ. तुला आठवत असेल, बांडोनियन वाजवायचा आणि बेसूर वाजवायचा. अजून तसाच वाजवतो.

तर गुरुवारी दुपारी खिंडीच्या बाजूने एक जुना ट्रक वाफा सोडत आला आणि माझ्या दारात बसकण मारून थांबला. आतून एक मुलगी उतरली आणि म्हणाली, "मावशी, बादलीभर पाणी मिळेल का?" आणि फडकं गुंडाळून थेट रेडिएटरच्या झाकणाला हात घालायला निघाली. मी ओरडले, "अगं थांब, तोंड भाजून घेतेस का? आधी सूप पी. गाडीला निवू दे." इथल्या उंचीवर पाणी लवकर उकळतं हे खालच्या लोकांच्या ध्यानात राहत नाही. तासाभराने आम्ही दोघी खाली वाकलो. रेडिएटरच्या खालच्या टाकीचा सांधा उसवला होता आणि हिरव्या पाण्याची धार लागली होती. नळीचा रबरही वाळलेल्या कातड्यासारखा तडकलेला. मी कपडे धुण्याचा साबण लोकरीत मळून सांध्यात दाबला. "हे कुठे शिकलात मावशी?" तिने विचारलं. मी म्हटलं, "आमच्याकडे एक जण होता, तो असं करायचा." तेव्हा मला माहीत नव्हतं ती कोण आहे. तिने नुसतं नेलिदा म्हणून नाव सांगितलं होतं.

संध्याकाळी मात्र माझ्या हातातली पळी सुटली. पाणी गोठू न देणारं हिरवं औषध सगळं वाहून गेलेलं, आत नुसतं विहिरीचं पाणी, म्हणून रात्री गोठू नये यासाठी तिने खालची तोटी सोडली. इथवर ठीक. पण नंतर ती गुडघ्यांवर बसून राहिली, शेवटचा थेंब पडेपर्यंत. मग झाकण घेतलं, त्यात फुंकर मारली आणि तारेच्या कडीने स्टिअरिंगच्या चाकाला अडकवलं. सकाळी चाकाला झाकण दिसलं की गाडी कोरडी आहे हे विसरायला होत नाही. आता इथे हे कुणी करत नाही, सेवेरो. सगळे डब्यातलं हिरवं औषध घालतात आणि खुशाल झोपतात. आणि फुंकर तर त्या काळीही फक्त एकच माणूस मारायचा.

मी विचारलं, "कुणी शिकवलं गं?" म्हणाली, "वडिलांनी. आमच्या सान पेद्रोत उकाड्याने जीव जातो, उसाच्या पानालासुद्धा घाम येतो. तरी हे रोज संध्याकाळी पिकअपचं पाणी काढतात. आई कटकट करते, शेजारी हसतात. यांचं आपलं चालूच." मी नाव विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही म्हण. तिला जाड पांघरूण दिलं आणि मी पडून राहिले. लिओन्सिओ म्हणाला, "काय गं, पोटात दुखतंय का?" दुखतच होतं म्हणायचं.

आता मूळ मुद्द्यावर येते. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी जुनी खोड आहे, तुला माहीत आहे. तुला तो सान हुआनचा सण आठवतो का, हे विचारणं म्हणजे जखम असलेल्याला दुखतं का विचारण्यासारखं आहे. वर्षातली सगळ्यात थंड रात्र. दुसऱ्या दिवशी पहाटे मीठ घेऊन निघायचं होतं. तुझे हात मी महिनाभर बघत होते. पहाटे हौदावरचा बर्फ फोडायचा, पाणी शेकोटीवर कोमट करायचं, ते नेऊन बाबांच्या ट्रकमध्ये ओतायचं. बोटांच्या भेगांतून रक्त यायचं आणि तू ते पँटला पुसायचास. मला तू आवडायचास. आता हे लिहायला लाज कसली, नातवंडं आहेत मला. त्याच आठवड्यात उयुनीच्या बाजारात खाणीच्या लॉरीचा ड्रायव्हर फुशारकी मारत होता की त्यांच्या गाडीत असं औषध घालतात की पाणी गोठतच नाही. मी विचारलं, कसलं औषध? तो हसून म्हणाला, "दारूच समज!" एकोणीस वर्षांची मी. मी तसंच समजले.

दिवस मावळताना सगळे शेकोट्यांची लाकडं रचत होते. तू पाणी काढलंस, झाकण चाकाला अडकवलंस आणि जेवायला गेलास. मी भिंतीआडून पाहत होते. मग मी बादल्या आणल्या, रेडिएटर गळ्यापर्यंत भरला, आणि बाबांनी सणाच्या दिवशी धरणीमातेला पहिली धार द्यायला ठेवलेल्या उसाच्या दारूच्या दोन बाटल्या त्यात ओतल्या. घाईत थोडी बॉनेटवर सांडली. झाकण घट्ट लावलं. पहाटे तू येशील, सगळं तयार बघशील, आणि तुझे हात एक दिवस तरी सुके राहतील. मला इतका आनंद झाला होता की मी शेकोटीवरून दोनदा उडी मारली.

पुढचं तुला माहीत आहे. एवढ्या पाण्यात दोन बाटल्या म्हणजे काहीच नाही, हे मला फार उशिरा कळलं. रात्री पाणी गोठलं, रेडिएटरच्या नळ्या फुटल्या, इंजिनाच्या पोटाला तडा गेला. गावातला एकुलता एक ट्रक आठ महिने विटांवर उभा राहिला. आजाऱ्यांनासुद्धा गाढवावरून रेल्वेपर्यंत न्यावं लागलं. बाबांनी बॉनेट हुंगलं, दारूच्या बाटल्या जागेवर नाहीत हे पाहिलं आणि सगळ्या गावासमोर तुला म्हणाले, "प्यायलास आणि पाणी न काढता झोपलास!" ज्याचा बाप दारूने गेला आणि जो थेंबाला शिवत नव्हता, त्याला. तू म्हणालास, "मालक, मी पाणी काढलं होतं. झाकण चाकाला लावलं होतं. बासिलियाने पाहिलंय, विचारा तिला." सगळे माझ्याकडे वळले. बाबा वळले. आणि मी म्हटलं, "माझं लक्ष नव्हतं."

तीनच शब्द. मी घाबरले होते. ट्रक मी मोडला होता, धरणीमातेची दारू मी चोरली होती, आणि बाबांनी विचारलं असतं की त्या नोकराच्या हातांची तुला एवढी काळजी का. तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही, गोंधळून पाहिलंस. मग गाठोडं उचललंस आणि रुळांच्या दिशेने चालत निघालास. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच, फक्त इथे चोर सुळीच्या शेजारी उभी राहून बघत होती. बाबांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्यांच्या उशाशी बसून तीन वेळा तोंड उघडलं आणि तीन वेळा विचारलं, "पाणी हवं का, बाबा?"

तू गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नसेल. तुझं नाव इथली म्हण झालं. कुणी चूल विझवायची विसरलं, गोठ्याचं दार उघडं टाकलं, की लोक म्हणतात, "झालं, सेवेरोचं पाणी!" शाळेतली पोरं म्हणतात. सेवेरो कोण होता हे त्यांना ठाऊक नाही. एकदा माझी स्वतःची नात म्हणाली. मी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि तिला कारण सांगता आलं नाही.

रविवारी रेडिएटर झाळून घ्यायला आम्ही मेकॅनिक माकारिओकडे गेलो. युनियनची सभा सुटलेली, सगळे ड्रायव्हर त्याच्या अंगणात ऊन खात बसलेले. माकारिओ आता म्हातारा झालाय, पण हात तोच आहे. सांधा खरवडला, कथिलाने झाळला, हौदात बुडवून बुडबुडे येतात का पाहिलं. एकही आला नाही. नळी लिओन्सिओने आपल्या जुन्या ट्रकची काढून दिली. मग माकारिओ हात पुसत नेलिदाला म्हणाला, "आता औषध मिळेपर्यंत रोज पाणी काढ हो पोरी, नाहीतर सेवेरोचं पाणी व्हायचं!" सगळे हसले. तीही हसली. मग म्हणाली, "माझ्या वडिलांचं नाव सेवेरो आहे. याच गावचे. कोण हो हा तुमचा सेवेरो?"

माकारिओने मान खाली घातली. आणि पुन्हा, सेवेरो, अगदी तेव्हासारखे सगळे कुठेतरी बघत होते आणि ती मुलगी माझ्याकडे बघत होती. तुझेच डोळे. तसेच गोंधळलेले.

मी उलट्या बादलीवर बसले होते, ती उठले. म्हटलं, "ऐका सगळ्यांनी. सेवेरोने पाणी काढलं होतं. मी पाहिलं होतं. नंतर मी भरलं. बाटल्याही मीच ओतल्या. तो प्यायला नव्हता आणि विसरलाही नव्हता. मी खोटं बोलले." आवाज एवढा मोठा लागला की पलीकडची कुत्री भुंकायला लागली. मग माकारिओ पुटपुटला, "म्हणजे चौतीस वर्षं आम्ही एका शहाण्या माणसाच्या नावाने…" आणि त्याने टोपी काढली. नेलिदासमोर, सेवेरो. बाकीच्यांनीही काढली. लिओन्सिओ माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता हा काय बोलतो. तर म्हणाला, "इतकी वर्षं एका अंथरुणात झोपलीस आणि मला नाही सांगितलंस? मी काय खाल्लं असतं का तुला?" आणि मग सगळ्यांकडे वळून, "पण म्हण काही टाकून देता येत नाही. आजपासून म्हणा, बासिलियाची दारू!" असे हसले मेले सगळे. कालच शेजारणीने सुनेला सुनावलं, न विचारता आमटीत मीठ घातलंस ना, ही बघ बासिलियाची दारू! मी खिडकीतून ऐकलं आणि, खोटं नाही सांगत, मला इतकं हलकं वाटलं की मी दोन वाट्या सूप प्याले.

नेलिदा मात्र हसली नव्हती. ती ट्रकमध्ये जाऊन बसली. मी खाली उभी राहिले. शिव्या दिल्या असत्या तर घेतल्या असत्या. बऱ्याच वेळाने काच खाली करून म्हणाली, "मावशी, बाबा दुसऱ्याच्या गाडीला हात लावत नाहीत. घराला कुलूप लावलं की चार वेळा मागे येऊन ओढून बघतात. एकदा मी विचारलं तर म्हणाले, तरुणपणी मी शपथेवर सांगत होतो की मी पाणी काढलं. पण सगळं गाव नाही म्हणत होतं. आता मलाच वाटतं, मी विसरलो असेन." मग म्हणाली, "हे मी नाही सांगणार त्यांना. तुम्ही सांगा. तुमच्या हाताने लिहून द्या."

म्हणून लिहिते आहे. माफी मागायला नाही, ती तू दिलीस तर घेईन, नाही दिलीस तर तुझा हक्क आहे. मी साक्ष द्यायला लिहिते आहे, जी त्या दिवशी दिली नाही. मी भिंतीआड होते, सेवेरो. तू गुडघ्यांवर बसलास, तोटी सोडलीस. पाणी भिंतीच्या मुळाशी गेलं आणि तिथला दगड काळा झाला. तू शेवटच्या थेंबापर्यंत थांबलास. झाकणात फुंकर मारलीस, चाकाला अडकवलंस, आणि दोन पावलं गेल्यावर परत येऊन ते पुन्हा एकदा हलवून पाहिलंस. तू विसरला नव्हतास. कधीच विसरला नव्हतास. नेलिदाच्या गाडीत आम्ही हिरवं औषध भरून दिलंय, ती आता कितीही थंडीत बिनघोर झोपेल. तू आज एवढंच कर. संध्याकाळी पिकअपजवळ जाऊ नकोस. आत जेवायला बस. पाणी राहू दे.

तुझीच, साक्ष द्यायला उशीर झालेली,
बासिलिया