घराबरोबर आलेली म्हातारी

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्हाला काय ठाऊक आहे आणि काय नाही याचाच माझा घोळ होतो. कुंभकोणमचं घर तुम्ही पाहिलं नाहीत. आम्ही ते घेतलं तेव्हा तुमचं वर्षश्राद्धही व्हायचं होतं. त्या घरात पाऊल टाकलं त्या दिवशी जे समोर आलं ते मी नीट, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुणाला सांगितलेलं नाही. यांना ठाऊक होतं, पण आता हेही नाहीत. मुलांना अर्धंमुर्धं ठाऊक आहे. अजूनही कधी हातातलं काम थांबतं आणि मनात येतं, असं माणूस करू शकतं? मोडी तुम्ही शिकवलीत, म्हणून तुम्हालाच लिहिते.

तंजावरची आपली जागा राजवाड्याची होती. राज्य कुंपणीच्या घशात गेलं, तरी राण्यांच्या पदरची माणसं होती तिथंच राहिली. तुम्ही रोज कोठीत उभे राहून मुदपाकखान्याला तांदूळ-डाळ मोजून देत राहिलात, आणि संध्याकाळी घरी आलात की अंगाला हिंगाचा वास असायचा. मी बाहुलीचा पाळणा टांगायला भिंतीत खुंटी ठोकली होती, तेव्हा तुम्ही ओरडला नाहीत. खुंटी उपटलीत, भोक चुन्यानं बुजवलंत आणि म्हणालात, "भिंत आपली नव्हे, बाळ. उद्या हात जोडून परत द्यायची आहे." ती परत द्यायची वेळ तुम्ही गेल्यावर लगेच आली. कारभाऱ्यानं वाईट शब्द काढला नाही, फक्त आम्हा दोघांना कधी निघता ते विचारलं. त्या रात्री मी यांना सांगितलं, आता जिथं जाऊ तिथं भिंत आपली हवी.

त्याच सुमारास यांना कुंभकोणमच्या कोर्टात कागद उतरवून काढायची नोकरी मिळाली. आमच्या ऐपतीत घर बसणारं नव्हतं. पण यांनी एक हिशेब मांडला. घर मोठं घ्यायचं, रस्त्याकडचा ओटा आणि त्यामागच्या दोन खोल्या कॉलेजातल्या मुलांना भाड्यानं द्यायच्या, आपण मागच्या अर्ध्यात राहायचं. घर आपलं ऋण आपणच फेडील, असं हे म्हणायचे. मला ते पटलं. माझ्या लग्नात तुम्ही घातलेल्या पाटल्या त्यात गेल्या. देताना हात रिकामे दिसले, पण वाईट वाटलं नाही. तुम्ही असतात तर तुम्हीच काढून दिल्या असत्या असं मी मनाला समजावलं.

घर कावेरीपासून जवळ, एका लांबट आळीत होतं. पुढं ओटा, मधे उघडा चौक, मग स्वयंपाकघर, अगदी मागं विहीर, आणि विहिरीच्या कडेला एक खोली. विकणारा तरुण होता, शिकलेला, गोड बोलणारा. त्याला घाई होती, म्हणून किंमत कमी. मागची खोली तेवढी कुलूपबंद होती. आत आईची जुनी भांडी आहेत, महिन्याभरात नेईन म्हणाला. आम्ही मान डोलावली. ज्या माणसानं सगळं घर दाखवलं त्याच्या एका कुलपावर कोण संशय घेतं?

घरात पाऊल टाकलं तो वैशाखातला दिवस आहे. चुलीवर दूध उतू गेलं आहे, हे देवापुढं दिवा लावताहेत. समोरच्या ओट्यांवर बायका बसल्यात, सगळ्या आमच्याकडे बघताहेत, पण हळदीकुंकवाला बोलावलं तरी कुणी उठत नाही. परक्या भाषेची माणसं म्हणून असेल, असं वाटून मी घागर घेऊन मागं विहिरीवर जाते. मी पोहऱ्याला हात लावते आणि त्या खोलीचं दार आतून उघडतं. एक म्हातारी बाहेर येते. डोक्यावरून ओढलेलं पांढरं लुगडं, हातात पितळेची घागर. तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि तमिळमध्ये विचारलं, "नवे भाडेकरू तुम्हीच का? माझ्या दोराला शिवू नका. मी सोवळ्यात असते."

ती सांगत होती ते मी ऐकत होते, पण डोक्यात शिरत नव्हतं. मुलगा तिला तिच्या भावाच्या गावी, तिरुक्करुगावूरकडे, देवीच्या दर्शनाला म्हणून सोडून आला होता. तिला सांगितलं होतं, मला मद्रासेत नोकरी लागली आहे, घर एका मराठी कुटुंबाला भाड्यानं देतो, तू मागच्या खोलीत राहा, मी दीपावलीला येतो. आदल्या संध्याकाळी भावाच्या गाडीतून ती उतरली होती, स्वतःच्या किल्लीनं कुलूप काढून झोपली होती. मी स्वयंपाकघरात आले तेव्हा माझ्या हातात घागर नव्हती. ती विहिरीवरच राहिली होती. यांना सांगितलं तर हे काडेपेटी हातात धरून तसेच उभे राहिले. मग एवढंच म्हणाले, "त्यानं आई विकली?"

दुसरा घाव समोरच्या बाईनं घातला. चार दिवसांनी ताक द्यायला आली. मी हळूच विषय काढला, तर ती सहज म्हणाली की तो मद्रासेत नाही, तिथून आगबोटीनं रंगूनला गेला, समुद्र ओलांडला, आता कसला परत येतोय. सगळ्या आळीला ठाऊक होतं. मग आम्हाला कुणी सांगितलं का नाही, असं मी विचारलं. तिनं माझ्याकडे नवलानं पाहिलं. "आम्हाला वाटलं तुम्ही जाणूनबुजून घर घेतलंत," ती म्हणाली. "म्हणून तर स्वस्तात मिळालं."

अप्पा, त्या वाक्यानं मी जितकी हादरले तितकी म्हातारीला पाहूनही हादरले नव्हते. आळीच्या डोळ्यांत आम्ही एका आईचा सौदा करणारे होतो. म्हणूनच कुणी कुंकवाला उठलं नव्हतं.

यांनी कोर्टातल्या एका वकिलाला विचारलं. तो म्हणाला, नवऱ्याच्या घरातून विधवेला असं काढता येत नाही, घर विकलं तरी तिचा राहण्याचा हक्क घराबरोबर येतो. मग आवाज खाली आणून म्हणाला, पण खरं कळलं तर मानी बाई आपणच उठून भावाकडे जाईल. हे घरी येऊन मला म्हणाले, तू सांग, बायकांनी बायकांना सांगणं बरं. आमची अडचण खरीच होती. मागच्या खोलीत आम्ही राहणार होतो. ती खोली हातची गेल्यावर आम्ही चौकाच्या कडेला पडदा लावून झोपत होतो, पुढं भाड्यानं दोन विद्यार्थी आले होते, आणि माझे दिवस भरत चालले होते. मी सांगायला गेले. पाट्टी उडदाची डाळ निवडत बसली होती. पाट्टी म्हणजे इथली आजी, मी तिला तशीच हाक मारत असे. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला सांग, ऐप्पशी महिन्यातला पाऊस लागायच्या आधी त्या कोपऱ्यातली कौलं फिरवून घ्या. खर्च भाड्यातून वळता करायला मी मुलाला सांगेन." मी बरं म्हटलं आणि परत आले. यांनी विचारलं, सांगितलंस? मी म्हटलं, कौलं फिरवायची आहेत.

कौलं फिरवली. दीपावली आली, गेली. पहाटे न्हाऊन ती ओट्यापर्यंत गेली आणि उजाडेपर्यंत उभी राहिली, मग आत येऊन आमच्या पानात तिनं केलेला लेह्याचा, दीपावलीच्या औषधी चाटणाचा, गोळा ठेवला. मुलाचं नाव तिनं काढलं नाही. आम्हीही काढलं नाही. तिचा तोरा मात्र होता तसाच राहिला. अंगणात रांगोळी वाकडी आली तर ती पुसून पुन्हा काढायला लावायची. आमच्या आमटीतला गूळ तिला खपत नसे, चुलीशी न येता चौकातूनच नाक मुरडायची. माझा थोरला त्या पडद्याआड जन्मला तेव्हा सुईण वेळेवर पोचली नाही. पाट्टीनं सोवळं बाजूला ठेवलं, तिरुक्करुगावूरच्या देवीचं, बाळंतिणीसाठी देतात ते एरंडेल माझ्या पोटाला चोळलं आणि मूल हातात घेतलं. घरात मराठीच बोलायची अशी तुमची शिस्त होती, पण माझ्या पोराच्या कानावर पहिला शब्द तमिळ पडला. तिनं त्याला म्हटलं, "आलास का, भाडेकरू!"

पुढच्या खोलीतली मुलं धर्मशाळेतलं जेवून आजारी पडली, तेव्हा तिनं त्यांना वाढायला सुरुवात केली. तिच्या रसमची कीर्ती कॉलेजात पोचायला वेळ लागला नाही. दोनाचे चार झाले, मग ओट्यावरही एक पथारी पडली. मुलं जेवणाचे पैसे तिला देत, खोलीचं भाडं आम्हाला. यांचा हिशेब खरा ठरला, घर स्वतःचं ऋण फेडू लागलं, पण तिच्याशिवाय ते कधी जमलं नसतं. ती मालकीण आहे या समजुतीत ती सुखी आहे, असं आम्ही धरून चाललो. आपण पुण्य करतोय असंही कधी मनात येई.

मग तो आला. तिसऱ्या वर्षी, पोंगल होऊन गेलं होतं. हे गोविंदपुरमला भजनाला गेले होते, मी एकटी. पायात बूट, हातात छत्री, अंगानं भरलेला. आत आला नाही, ओट्यावर बसला आणि त्याच गोड आवाजात मला म्हणाला की मी आईला न्यायला आलोय. रंगूनहून परतून त्यानं मद्रासेत बिऱ्हाड केलं होतं, बायको तिथं बाळंत व्हायची होती, आणि यानं समुद्र ओलांडल्यामुळं कुणी सोवळ्याची बाई घरात रांधायला येत नव्हती. आमच्या ओट्यावर बसून हे तो उघड सांगत होता, आणि त्यात काही वावगं आहे हे त्याच्या चेहऱ्यावर कुठंही नव्हतं. समोरच्या ओट्यांवर माणसं जमली. मी आत जाऊन हाक मारायच्या आधीच पाट्टी चौक ओलांडून आली. पदराला हात पुसत उंबऱ्याच्या आत उभी राहिली. त्यानं तिथूनच नमस्कार केला.

ती म्हणाली, "हे घर कुणाचं?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी खाली पाहिलं.

"तू विकलंस," पाट्टी म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण आळीला ऐकू जात होता. "मी इथं तुझी आई म्हणून राहत नाही. मी यांची भाडेकरीण आहे. महिन्याच्या महिन्याला भाडं देते." मग माझ्याकडे वळली. "देते की नाही? सांग त्याला."

अप्पा, तिनं कधी एक पैसा दिला नव्हता. आम्ही मागितला नव्हता. तिला ठाऊक आहे, हेच मला त्या क्षणी पहिल्यांदा कळत होतं. सगळी आळी बघत होती. मी म्हटलं, "देतात. वेळेवर देतात."

तो उठला. छत्री उघडली, पुन्हा मिटली. मग गेला. तो आळीच्या वळणापर्यंत पोचायची पाट्टीनं वाट पाहिली नाही. ती मागं गेली तेव्हा चुलीवरची डाळ करपली होती. तिनं ती टाकली आणि दुसरी धुवायला घेतली. मी विहिरीच्या कट्ट्यावर बसले. "तुम्हाला हे कधीपासून ठाऊक होतं?" मी पाट्टीला विचारलं.

"पहिल्या आठवड्यापासून," ती म्हणाली. "भाडेकरीण मालकिणीशी भांडते. मी तुला इतकी टोचून बोलत होते, तू एकदाही उलटून बोलली नाहीस. तेव्हाच कळलं की तुला माझी कीव येते." डाळीतलं पाणी तिनं ओतून दिलं. "ती कीव मी तीन वर्षं खाल्ली. आता पुरे."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या फळीवर नाणी ठेवलेली होती, मुलांच्या जेवणातून मिळालेली. हे संतापले, परत दे म्हणाले, म्हाताऱ्या विधवेकडून भाडं घेऊन आपण कुठल्या नरकात जाणार. समोरची बाईही ताक देताना म्हणालीच, शेवटी मराठ्यांनी वसूल केलं. मी कुणाला उत्तर दिलं नाही. नाणी उचलली. त्यानंतर तिचे हात चालत होते तोवर, बरीच वर्षं, ती दर महिन्याला ठेवत गेली आणि मी उचलत गेले. ती त्याच खोलीत गेली. तिचा मुलगा आला नाही, अग्नी भावाच्या नातवानं दिला.

हे कागद कुठं धाडायचे ते मला ठाऊक नाही, म्हणून इथंच राहतील. एवढं मात्र तुम्हाला सांगायचं आहे. तिचं भाडं मी वेगळं जपून ठेवलं, तिच्याच कार्याला लावलं, असं लिहावंसं फार वाटतं. तसं नाही झालं, अप्पा. ते मिठात, चिंचेत, दिव्याच्या तेलात गेलं. आणि एका महिन्यात तिला उशीर झाला, तेव्हा मी तिच्या दारात जाऊन ते मागितलंसुद्धा.