सिडनी तशी जवळच आहे

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
रोह्याला जायचं पक्कं होतं. बायजाक्कासाठी निळं पातळही आणून ठेवलंय. पण मेमू गाडीला सणाची गर्दी, त्यात माझा गुडघा. शिवाय आजारी बहिणीला पाहुण्यांचा त्रास कशाला? फोनवरच ओवाळून घेतलं. अक्का बरं म्हणाली.

२६ ऑक्टोबर
प्रणितचा सिडनीहून फोन. पहिला प्रश्न, आत्याला भेटलात का. त्याची आई गेल्यावर अक्कानेच त्याला रोह्याजवळ वरसेला, तिच्या घरी नेऊन वाढवला, म्हणून पोराला एवढा कळवळा. मी विषय बदलला. मुंबई ते सिडनी दहा हजार किलोमीटर, सिंगापूरला विमान बदलून सतरा तास. म्हणजे काहीच नाही! पासपोर्ट काढला की निघालोच. उद्यापासून पहाटे चालणे.

२७ ऑक्टोबर
चाललो नाही. झोप चांगली लागली होती.

२ नोव्हेंबर
हॉलमधलं घड्याळ सिडनीच्या वेळेवर लावलं. पोरगा जेवला की झोपला, ते बसल्या जागी कळतं. शेजारची मालू म्हणते, काका, आत्या जेवते का नाय ते कुठल्या घड्याळात दिसतं? आगाऊ आहे पोरगी.

९ नोव्हेंबर
अक्काचा फोन. आवाज पार बसलाय. "कान्हू, येऊन जा रं एकदा. तू आणलेलं पातळ नेसायचंय मला." म्हटलं, शनिवारी नक्की. डॉक्टर काहीही सांगतात. मिठागराच्या बांधावरून मला पाठीवर घेऊन शाळेत नेणारी बाई ती, अशी पडून थोडीच राहणार? पडलेली मला बघवणारही नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार
आंघोळ केली, पातळ पिशवीत टाकलं, बूट घातले. हॉलमधल्या घड्याळात साडेबारा! सकाळची मेमू गेलीच असणार. बूट काढले. मालू कॉलेजला निघालेली, म्हणाली, काका, आत्ता सात वाजलेत. पण एकदा बूट काढले की मूड जातो. सोमवारी.

१६ नोव्हेंबर, संध्याकाळ
प्रणितचा फोन. वरसेतून! काल मला काही न सांगता विमानात बसला आणि विमानतळावरून थेट आत्याकडे. म्हणाला, बाबा, लगेच निघा, आत्या राहत नाय आता. मी म्हटलं, अरे निघालोय केव्हाच, नागोठणं आलंच, पुढे रोहा. तोंडातून निघून गेलं. तशी पिशवी भरलेली, म्हणजे निम्मा निघालेलोच आहे. बूट घालून खुर्चीत बसलोय. उठवत नाही. भीती वाटते. पहाटेच्या गाडीने जातोच.

१७ नोव्हेंबर, सकाळ
अक्काच्या नितेशचा फोन. मामा, आई गेली. अंगावर घालायला भावाकडचं पातळ लागतं, म्हणून थांबलोय.

१७ नोव्हेंबर, संध्याकाळ
मेमूने गेलो. तास लागला नाही. खिडकी मिळाली. गुडघाही दुखला नाही.

पातळ प्रणितने हातात घेतलं नाही, तुम्हीच घाला म्हणाला. घातलं. दुकानाची चिठ्ठी तशीच लटकत होती, ती नितेशने हळूच काढली.

नदीवरून परतताना प्रणितला विचारलं, अक्का काही बोलली का.

"कान्हू कुठवर आला, एवढंच विचारत होती."

"मग?"

"नागोठण्यापर्यंत आलेत, म्हटलं. पहाटेपर्यंत तेच सांगत होतो तिला."