पंचनाम्याचं विचारणं

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

चार वाजता प्रीतीचा फोन. तिकडे लंडनात तेव्हा सकाळ असते. ‘‘बाबा, विहिरीतलं प्रेत असलं तर पंचनामा कसा करत होते?’’ सांगितलं. चौतीस वर्षं हवालदारकीत पंचनामेच तर लिहिले. माझ्याच केसेसवर पोरीनं इंग्रजीत खुनाच्या चार कादंबऱ्या काढल्या. माझ्या तब्येतीचं शेवटी, घाईत विचारते.

पण माझ्या केसेस संपल्या! आज सांगितली ती कुहीच्या भातगिरणीतल्या विहिरीची केस झालीच नाही. नोकरीत एक ओळ खोटी लिहिली नाही, अन् आता पोरीशी खोटं बोलून राहिलो. केस नसली तर ती फोन काहून करेल?

९ फेब्रुवारी, रविवार

गिरणीच्या केसमधले पंच कोण होते म्हणे. घाबरलो. सकाळी फिरायले सोबत असतात ते गणपतराव अन् धम्मानंद, त्यांचीच नावं ठोकून दिली.

१२ फेब्रुवारी

पार्वती जाऊन दोन वर्षं झाली. विहारात वंदना, मग भोजनदान. भाजी तिच्या हातची नव्हती. शेजारची रीना म्हणाली, ‘‘काकाजी, प्रीतीताई तेव्हाही नव्हती ना आली?’’ म्हटलं, तिले पुस्तक पुरं करून द्यायचं होतं. सगळ्यांले हेच सांगतो. मले स्वतःले अजून पटलं नाही. आईच्या मातीले आली नाही, पुस्तकासाठी! तिच्यासमोर हे कधी काढलं नाही. रागावली अन् रविवार बंद झाला, तर मी काय करू?

१६ फेब्रुवारी, रविवार

आज राहवलं नाही. ‘‘बेटा, गिरणीची केस खोटी आहे. मनानं रचली. खरी केस एकही उरली नाही माझ्यापाशी.’’

 ‘‘ठेवते’’ एवढंच म्हणाली. तब्येतीचंही विचारलं नाही. संध्याकाळी चहा केला, तसाच सिंकमध्ये ओतला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

प्रीतीचा फोन. मंगळवारी! रडून राहिली होती. ‘‘बाबा, आईच्या वेळचं ते पुस्तक प्रकाशकांनी तेव्हाच परत केलं. त्यानंतर मी एक पान लिहिलं नाही. दर रविवारी पंचनाम्याचं विचारलं नसतं, तर आईच्या वेळी का आली नाहीस, हे तुम्ही विचारलं असतं.’’

विचारलं असतं मी.