तळघराची ओळ

१ सप्टेंबर, सोमवार

आज पुन्हा तळघरं. पाच फाइली आल्या, पाचांत मिळून अकरा. त्यांतला एक डोळ्यांचा दवाखाना — वर दोन मजले, खाली तीन! तपासणीची खोली सगळ्यात खालच्या तळघरात. पेशंटला दिसत नाही हे सिद्ध करायला सोपं जाईल.

नव्या इंजिनिअरला विचारलं, लोकांना अचानक जमिनीखाली काय सापडलंय? ती म्हणाली, पार्किंग असेल, काका. दवाखान्याच्या नकाशात पार्किंग बाहेर मोकळ्या जागेत आहे.

ती हिच्या खुर्चीवर बसते. हिच्याबद्दल बोलताना 'मॅडम' म्हणते. एकदा चुकून 'काकू' म्हणाली आणि मग दिवसभर माझ्यासमोर आली नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

सासूबाईंनी विचारलं, भाजीत मीठ आहे ना? म्हटलं, आहे. नव्हतं. दोघांनी पानं स्वच्छ केली.

४ सप्टेंबर, गुरुवार

कॉलेजची मुलं आमचा बांधकाम परवानगी कक्ष बघायला आली होती. साहेबांनी कॉम्प्युटरवरचा तक्ता दाखवायला मलाच बोलावलं. आता पाठ झालंय. नवी इमारत बांधायची तर तिच्यातून किती कार्बन हवेत जाणार ते आधी सांगायचं. इमारतीचा एक भाग म्हणजे एक ओळ — गच्ची, मजले, जिने, तळघर. प्रत्येक ओळीत सिमेंट किती, लोखंड किती, काच किती ते भरायचं. शेवटी बेरीज. चौरस मीटरला पाचशे किलोच्या आत असेल तर चौकोन हिरवा, नाहीतर लाल. लाल म्हणजे परवानगी नाही. संपलं.

एकाने विचारलं, हे कोणी केलं? साहेब म्हणाले, आमच्या मॅडमनी, सहा वर्षं खपून. मग माझ्याकडे बघितलं आणि लगेच खिडकीकडे. हल्ली सगळे खिडकीकडे बघतात. बाहेर मागच्या इमारतीची भिंत आहे.

ही फेब्रुवारीत गेली, नियम एप्रिलपासून लागू झाला. पहिला हिरवा चौकोन हिने पाहिला नाही. ऑफिसात सगळे 'बाईंचा तक्ता' म्हणतात. मी कक्षात ड्राफ्ट्समन, ही इंजिनिअर, माझ्या वरची. 'आणि घरी वरचं कोण?' हा विनोद सतरा वर्षं ऐकला. आता कोणी करत नाही. चुकल्या-चुकल्यासारखं होतं.

रोज सकाळी काम नसलं तरी तक्ता उघडतो. कोणाला सांगण्यासारखं नाही. शेजारी बसल्यासारखं वाटतं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

विशेष नाही. एक तळघर.

८ सप्टेंबर, सोमवार

गॉगल आला होता. आर्किटेक्ट आहे. गॉगल कायम डोक्यावर, डोळ्यांवर कधी पाहिला नाही. त्याचा चौदा मजली टॉवर आहे, जुन्या गोदामांच्या जागेवर. तळघरं पाच. चौकोन हिरवागार. मला खटकलं म्हणून आकडे वाचत बसलो. चौदा मजल्यांच्या खांबांचं सगळं काँक्रीट त्याने तळघराच्या ओळीत भरलंय! जिन्यांचंही. गच्चीवरच्या टाकीचंही.

मी म्हटलं, खांब चौदाव्या मजल्यापर्यंत जातात. तो म्हणाला, सुरू तर तळघरातच होतात ना. मी म्हटलं, आणि टाकी? तो म्हणाला, पाणी खालूनच चढतं.

मी गप्प बसून बघत राहिलो. माझ्या गप्प बसण्याला लोक घाबरतात असं ही म्हणायची. तो घाबरला नाही. उलट त्याला माझी दया आली असावी. खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाला, "काका, बाईंनी तळघर फुकट ठेवलंय. आम्हा सगळ्यांना माहीत आहे. तुम्हालाच नाही?"

९ सप्टेंबर, मंगळवार

सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेलो. कोरा तक्ता उघडला. एक साधं घर भरलं, दोन मजल्यांचं. हिरवा. मग त्याला तळघर दिलं. हिरवा. दहा तळघरं. हिरवा. नव्व्याण्णव तळघरं टाकली — घराचा तळ कुठल्या कुठे गेला असता — चौकोन हिरवाच. बेरीज एका किलोनेही हलली नाही.

तळघराची ओळ सगळ्यात शेवटी आहे. बेरीज तिच्या एक ओळ वरच थांबते. तळघर तक्त्यात दिसतं, भरता येतं, पण मोजलं जात नाही.

कार्बन कमी करायचा नियम. आणि त्यापायी सहा महिने गाव खाली-खाली खणतंय. सिमेंट सगळ्यात जास्त लागतं ते तिथेच.

ही गॅस बंद आहे का ते तीनदा बघायची. कुलूप ओढून बघायची, मग मला ओढायला लावायची. हिच्या हातून?

तीनदा तपासलं. चूक आहे.

११ सप्टेंबर, गुरुवार

नवी इंजिनिअर रजेवर होती ते बरं झालं. एप्रिलपासूनच्या मंजूर फाइली काढल्या. त्रेसष्ट. त्यांतल्या अडतीसांत तळघर. प्रत्येकीची बेरीज हाताने केली. एकतीस लाल निघाल्या.

आठ-नऊ ठिकाणी खणायला सुरुवात झालीय. घरी येताना एक खड्डा वाटेत लागतो. रोज लागायचा. आज थांबून आत बघितलं. वॉचमनने विचारलं, काही पडलं का साहेब?

१२ सप्टेंबर, शुक्रवार

राग आला. सात महिन्यांत पहिल्यांदा. हिच्यावर!

एक ओळ. सहा वर्षं आम्हाला जेवताना सिमेंट ऐकवलं. कोणाच्या घरी गेलो की भिंतीवर टिचकी मारून ही किती किलोची ते सांगायची. यजमान चहा विसरायचे. आणि स्वतःची एक ओळ बघता आली नाही.

दिवसभर मनात भांडलो. संध्याकाळी लक्षात आलं की आज बरं वाटतंय. भांडताना समोर होती.

१५ सप्टेंबर, सोमवार

साहेबांना सांगितलं. त्यांनी दार लावलं. मी नव्व्याण्णव तळघरांचं घर दाखवलं. ते बराच वेळ हिरव्या चौकोनाकडे बघत राहिले, मग सवयीने खिडकीकडे.

म्हणाले, पंचवीस तारखेला समिती आहे. नियम ठेवायचा की रद्द करायचा यावर मतदान. बिल्डर लोक टपून बसलेत. तक्ता चुकला म्हटलं की नियमच चुकला म्हणतील, आणि सहा वर्षं पाण्यात. पंचवीसपर्यंत कशाला हात लावू नका, कुठे बोलू नका. नंतर गुपचूप ओळ दुरुस्त करू.

मी विचारलं, तोवर येणाऱ्या फाइली? गॉगलचा टॉवर?

"जाऊ द्या वर," साहेब म्हणाले. मग आवाज खाली आणून, "प्रशिक्षणाच्या हॉलला बाईंचं नाव द्यायचं ठरतंय. पाटी करायला टाकलीय. तुमच्याच तोंडून हे यायला हवंय का?"

माणूस वाईट नाही. हिच्या शेवटच्या आठवड्यात रोज दवाखान्यात यायचे आणि काय बोलावं न कळून खाली कॅन्टीनमध्येच बसायचे.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सासूबाईंना सांगितलं. त्या मुलीकडे राहायला आल्या होत्या, आता जावयाकडे राहतात. आम्ही दोघंही हा विषय काढत नाही. त्यांनी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय, त्यामुळे समजावून सांगायला वेळ लागला नाही.

म्हणाल्या, "तिचीच चूक? तपासलीत?"

तीनदा, म्हटलं.

"मग सांगून टाका."

मी म्हटलं, आई, नाव खराब होईल तिचं. त्यावर म्हणाल्या, "माझ्या वर्गात होती तेव्हा मी तिला दोनदा नापास केलंय. नाव नाही खराब झालं. चुकलं तर चुकलं म्हणायचं, हे तिला मीच शिकवलं. आता ती नाही तर तुम्ही म्हणा."

मग आत जाऊन बराच वेळ तांदूळ निवडत बसल्या. तांदूळ पाकिटातला आहे. निवडलेलाच येतो.

१७ सप्टेंबर, बुधवार

तक्ता उघडला नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

गॉगलच्या टॉवरची फाइल सहीला आली. गठ्ठ्यात सगळ्यात खाली ठेवली. नवीने वर काढून दिली. मी पुन्हा खाली ठेवली. तिने विचारलं, काका, काही आहे का यात? म्हटलं, पाच तळघरं आहेत. ती हसली. मला हसवायचं नव्हतं.

२२ सप्टेंबर, सोमवार

पाटी आली. पितळेची. साहेबांनी कागदात गुंडाळून कपाटात ठेवलीय. दाखवली नाही, पण कपाटाचं दार उघडंच ठेवलं.

२४ सप्टेंबर, बुधवार

सासूबाईंनी माझा पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला. मी काही ठरवलंय असं त्यांना बोललो नव्हतो. मलाच नक्की नव्हतं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

बोललो.

समितीत माझं काम नकाशे पडद्यावर लावायचं. चौदा वर्षं तेच करतोय, कोणी मान वर करून बघत नाही. बिल्डरांच्या माणसाचं भाषण झालं. साहेबांचं झालं. अध्यक्षबाई म्हणाल्या, कोणाला काही बोलायचंय का, आणि कागद आवरायला लागल्या. मी हात वर केला. आधी त्यांना वाटलं प्रोजेक्टर बिघडला.

नव्व्याण्णव तळघरांचं घर पडद्यावर लावलं. एकतीस फाइलींची यादी वाचली. गॉगल तिसऱ्या रांगेत होता. आज गॉगल डोळ्यांवर.

मग सगळे एकदम बोलायला लागले. बिल्डरांचा माणूस म्हणाला, हाच का तो शास्त्रीय नियम! अध्यक्षबाईंनी टेबलावर हात आपटला. मला विचारलं, "ही चूक कोणाची?"

साहेब माझ्याकडे बघत होते. या वेळी खिडकीकडे नाही.

म्हटलं, "माझ्या बायकोची. तक्ता तिने केला."

"इतिवृत्तात नाव लागेल," त्या म्हणाल्या. तसा आवाज मऊ होता.

मी हिचं पूर्ण नाव सांगितलं. लिहून घेणाऱ्याला पुन्हा विचारावं लागलं, म्हणून पुन्हा सांगितलं. सात महिन्यांत मोठ्याने उच्चारलेलं पहिल्यांदा.

नियम रद्द झाला नाही. मतदान सहा ऑक्टोबरवर ढकललं. तोवर तळघरवाल्या सगळ्या फाइली थांबवल्या, टॉवरही. कॉम्प्युटर विभागाने तक्त्याच्या जुन्या प्रती काढायच्या आणि चूक कधीपासून आहे ते सांगायचं.

साहेब जिन्यात म्हणाले, तुम्ही बोलायला नको होतं. दोन पायऱ्या उतरून म्हणाले, मीच बोलायला हवं होतं.

घरी सासूबाईंनी विचारलं, तिचं नाव घेतलंत? म्हटलं, दोनदा. म्हणाल्या, बरं. मग जेवलो.

२७ सप्टेंबर, शनिवार

पेपरात आलं. 'दिवंगत महिला अभियंत्याच्या चुकीने शहर खड्ड्यात.' सासूबाईंनी पूर्ण वाचलं, मग पान उलटून हवामानही वाचलं. म्हणाल्या, 'महिला' लिहायची काय गरज होती.

३० सप्टेंबर, मंगळवार

कपाटात पाटी नाही. विचारलं नाही.

नवी इंजिनिअर सकाळी जागेवर बसली नाही. स्टूल ओढून माझ्या टेबलाशी बसून काम केलं. म्हणाली, तिकडे ऊन येतं. तिकडे ऊन येत नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

कॉम्प्युटर विभागाचा माणूस दोन प्रिंट घेऊन आला. साहेबांकडे न जाता आधी माझ्याकडे आला. कागद टेबलावर ठेवून उभाच राहिला.

पहिला कागद सहा फेब्रुवारीचा, हिने शेवटचा हात लावला तेव्हाचा. तळघराची ओळ सगळ्यात वर — सिमेंट सगळ्यात जास्त तिथे, म्हणून ते आधी. बेरीज पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. तळघर धरून.

दुसरा सत्तावीस फेब्रुवारीचा, सकाळी अकरा चाळीस. बदल करणारा: मी.

आठवलं. हिला जाऊन अकरा दिवस झाले होते. साहेब म्हणाले होते, छपाईला जायचाय, जरा नीटनेटका करा. तळघर गच्चीच्या वर बघवेना. नकाशात ते खाली असतं. म्हणून उचलून खाली नेलं, वरची ओळ पुसली, चौकटी आखल्या. बेरीज बघितलीच नाही, ती होती तिथेच थांबली.

हिचं बरोबर होतं.

इतिवृत्तात हिचं नाव आहे, मी सांगितलेलं. सासूबाई बाहेरून विचारताहेत, काय निघालं? उठतो.